मदत हवी आहे: सगळी कर्जं फेडून एकच घ्यावं का?

मंडळी, मी कोथरूडला राहतो. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून ३ लाख थकलेत. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी. ‘मिनिमम ड्यू’ भरतोय, मुद्दल मात्र जागचं हलत नाही. एक बँक १४ टक्क्यांनी पर्सनल लोन देतेय. ५ वर्षांचा हप्ता ६,९८० रुपये, झेपेल. पण व्याज १ लाख १९ हजारांच्या घरात. ३ वर्षांत फेडलं तर साधारण ६९ हजार, हप्ता मात्र १०,२५३. शिवाय २ टक्के प्रोसेसिंग फी, जीएसटी धरून ७,०८० आधीच कापणार.

आई म्हणते, माझ्या पाटल्या गहाण ठेव. ते नकोच.

खरी भीती माझ्याच हाताची! कार्डं रिकामी दिसली की पुन्हा स्वाइप. असं कोणी केलंय का? मुदतीआधी फेडताना दंड किती बसला? आणि कार्डं बंद केलीत की ठेवलीत?