टोरस दिला, उत्तर गोलाचं आलं! होमोलॉजी कॉम्प्युटरवर कशी शिकावी?

सातपुडा_पायथा:
नमस्कार. मी यावल तालुक्यातली, एम.एस्सी. गणित, दुसरं वर्ष. रोज एसटीने जळगावला जाऊन-येऊन शिकते. त्रिकोणाची, गोलाची होमोलॉजी, म्हणजे आकारातली भोकं बीजगणिताने मोजणं, हाताने जमतं. टोरसचं, म्हणजे मेदूवड्यासारख्या पृष्ठभागाचं, मॅट्रिक्स मोठं होतं म्हणून सेजमॅथ (सेज) हे गणिताचं सॉफ्टवेअर घेतलं.

चौकोनाची 2 गुणिले 2 घरं पाडली, प्रत्येक घरात एक कर्ण, म्हणजे 8 त्रिकोण. समोरासमोरच्या बाजू चिकटवल्यावर बिंदू उरतात चार: अ, ब, क, ड. आठही त्रिकोण टाइप केले. उत्तर आलं: H0 (सुटे तुकडे) शून्य, H1 (न बुजणाऱ्या फेऱ्या) शून्य, H2 (आतली पोकळी) Z, म्हणजे पूर्णांकांचा गट, मोजणीत एक. हे तर गोलाचं! शिवाय H0 शून्य कसं? गोल काय, टोरस काय, एकसंध तर आहेच ना. वही तीनदा तपासली.

दुसरं असं, की घरी वडील विचारतात, याचा उपयोग काय. मला नीट सांगता येत नाही.

खापरावरचे_मांडे:
पोरी, तुझी वही बरोबर आहे आणि सेजही बरोबर आहे. अमळनेरला शिकवताना हाच घोळ मी दरवर्षी फळ्यावर मुद्दाम घालते.

तुझे आठ त्रिकोण ओळीने लिही. अबड दोनदा येईल. अकड दोनदा, अबक दोनदा, बकड दोनदा. सेजला त्रिकोण म्हणजे तीन बिंदूंचा संच, बस. तोच संच पुन्हा दिला तर नवं काही जमा होत नाही. उरले चार त्रिकोण, म्हणजे चार बिंदूंच्या सगळ्या तिकड्या, आणि तोच चतुष्फलकाचा पृष्ठभाग. तो गोलच!

कडांचंही तेच. कागदावर कडा 12 आहेत. अ पासून उजवीकडे ब, आणि ब पासून पुढे वळसा घालून पुन्हा अ, या दोन वेगळ्या कडा आहेत. पण चार बिंदूंतून जोड्या होतात फक्त 6. दोन्ही कडांना एकच नाव पडलं आणि मधलं भोक बुजलं.

3 गुणिले 3 घरं घे. बिंदू 9, कडा 27, त्रिकोण 18; 9 वजा 27 अधिक 18, शून्य, टोरसला यायला हवं तेच. आता सेज उघडण्याआधी वहीत हिशेब कर. पहिल्या बाउंडरी मॅट्रिक्सची (कोणत्या कडेची टोकं कोणते बिंदू, तो तक्ता) रँक, म्हणजे स्वतंत्र ओळींची संख्या, 8, म्हणून 27 मधून 19 उरले. दुसरीची (कोणत्या त्रिकोणाच्या कडा कोणत्या, तो तक्ता) रँक 17. 19 वजा 17, दोन. ही दोन म्हणजे टोरसवरच्या दोन फेऱ्या, एक आडवी, एक उभी. हे हाताने झाल्याशिवाय यंत्राचं उत्तर डोक्यात बसत नाही, असा माझा पक्का अनुभव आहे.

H0 चं म्हणशील तर, वेगळं सांगितलं नाही तर सेज रिड्यूस्ड होमोलॉजी देतं, म्हणजे H0 मधला एक Z कमी करून. तो पर्याय बंद कर.

पुढे क्लाइन बॉटल (चौकोनाच्या बाजूंची एक जोडी उलटी चिकटवून होणारा पृष्ठभाग) कर, सेजमध्ये तयार मिळते. नुसत्या रँकने काढलीस तर बेट्टी संख्या, म्हणजे H0, H1, H2 मध्ये किती Z त्याची मोजणी, 1, 1, 0 येतात. मॉड 2, म्हणजे आकड्यांचं फक्त सम-विषम पाहून, केलंस तर 1, 2, 1. त्या फरकातच टॉर्शन, म्हणजे दोनदा घेतली की शून्य होणारी फेरी, लपलंय. पूर्णांकांवर H1 येतो Z आणि सोबत Z2, म्हणजे दोनच घटकांचा गट. बेट्टी संख्या पुरत नाहीत, गटच पाहायला हवेत, हे 1920 च्या दशकात गणितज्ञ एमी नोएथरनी का लावून धरलं, ते त्या दिवशी कळेल.

केळीबाग_रावेर:
ताई, उपयोगाचं मी सांगतो. मी पुण्यात डेटाचं काम करतो, शेती रावेरला. बागेत तापमानाचा सेन्सर लावलाय, तासाला एक नोंद. मे महिन्याच्या 744 नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीची जोडी सहा तासांनंतरच्या नोंदीशी लावली: एक आकडा आडवा, एक उभा. आधी रोजची सरासरी वजा केली. 738 ठिपके पडले आणि त्यांचं कडं झालं, कारण दिवस फिरून तिथंच येतो.

डोळ्याला दिसतं ते आकड्यात पकडायला पर्सिस्टंट होमोलॉजी. ठिपक्यांभोवतीचं अंतर वाढवत न्यायचं आणि कोणतं भोक कधी उघडलं, कधी बुजलं ते लिहायचं. भोक जितकं टिकलं तितकी त्याची पट्टी लांब; माझ्याकडे एक लांब पट्टी आली, बाकी बारीकसारीक. ढगाळ दिवसांचा डेटा घेतला तर ती पट्टी आखूड होते.

साधन म्हणून रिप्सर हे सॉफ्टवेअर घ्या. 738 ठिपक्यांतून 6 कोटी 67 लाख त्रिकोण होतात. ते सगळे मेमरीत मांडायला गेलात तर लॅपटॉप बसतो. रिप्सर ते साठवत नाही, लागेल तसे काढतं. गुढी नावाची लायब्ररीही चांगली आहे, फ्रान्सच्या इनरिया या संशोधन संस्थेची.

आणि मॅडमनी क्लाइन बॉटल काढलीच आहे तर हेही वाचा: 2008 साली गणितज्ञ गुन्नार कार्लसन आणि सहकाऱ्यांनी फोटोंतले 3 गुणिले 3 पिक्सेलचे तुकडे तपासले, तर त्यांच्या दाट भागाचा आकार क्लाइन बॉटलचा निघाला. मी ते वाचलं त्या रात्री झोप लागली नाही.

सातपुडा_पायथा:
मॅडम, नऊ बिंदू घेतले. वहीत आधी 19 वजा 17 केलं, मग सेज चालवलं. H1 मध्ये Z गुणिले Z, H2 मध्ये Z. रिड्यूस्ड बंद केल्यावर H0 मध्येही Z आला.

दादा, वडिलांना तुमच्या कड्याचं सांगितलं. ते म्हणाले, आपल्या विहिरीच्या पाण्याची पातळी रोज लिहून ठेवू का? आजपासून भिंतीवर खडूने लिहायला लागलेत.

केळीबाग_रावेर:
लिहू द्या. पण वेळ रोज तीच ठेवा, आणि मोटर चालू करण्याआधी मोजा.