बाळाच्या कानाची टेस्ट 'रेफर' आली, थांबू का?

मुलगी २२ दिवसांची, ओएईमध्ये (नवजात बाळांच्या ऐकण्याची पहिली तपासणी) डाव्या कानाला रेफर आलंय. सासूबाई म्हणतात ताट वाजवलं की दचकते ना, मग ऐकू येतंय, उगाच कशाला धावपळ.

– रेफर म्हणजे बहिरेपण नव्हे, पुन्हा तपासा एवढंच; कानात चिकटा असला तरी येतं. पण ताटाने एकेका कानाचं कसं कळणार? ओएई परत करा, तरी रेफर आलं तर ३ महिन्यांच्या आत बेरा (आवाजाला मेंदूपर्यंतचा प्रतिसाद मोजणारी टेस्ट). बाळ गाढ झोपलेलं लागतं, आम्ही तिथेच दूध पाजून झोपवलं, दोन तास गेले.

– आमच्याकडे 'मुलगे उशिराच बोलतात' ऐकत दीड वर्ष घालवलं, अजून चुटपुट लागते. मुंबईत असाल तर वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची संस्था बघा.

– थँक्यू ताई, सोमवारी जातोय, सासूबाईपण येतायत!