आरोपाच्या भीतीने सेवा बंद करायची?

सदरकर (मूळ पोस्ट): दिवस नाजूक आहेत. दवाखान्यातलं वाटप, घरोघरच्या प्रार्थना काही काळ बंद ठेवा. विश्वास मनात असला तरी पुरे. उद्या कोणी धर्मांतराचा आरोप केला तर नागपुरातल्या आपल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळीला भोगावं लागेल.

मोहननगर: काका, मनातला विश्वास पुरे? याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढा. क्रिया नसलेला विश्वास निर्जीव, असं स्पष्ट लिहिलंय. सीताबर्डीचं म्युअर मेमोरियल हे मिशनचं हॉस्पिटल 1896 चं. तेव्हा मध्य प्रांतात दुष्काळ पडू लागला होता. दिवस बरे येईपर्यंत थांबले असते तर ते उभंच राहिलं नसतं.

मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याच्या आवारात रात्री या एकदा. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याचे नातेवाईक फरशीवर चादर टाकून झोपलेले असतात, उशाला एक्सरेचं पाकीट. आमचा तरुण संघ शुक्रवारी गरम खिचडी नेतो. चिठ्ठी घेऊन धावणाऱ्याला रक्तपेढीपर्यंत सोडतो. पत्रक नाही, गीत नाही. यातलं काय बंद करू?

सदरकर: तुझ्यावर वेळ आली नाही म्हणून बोलून राहिला. भाच्याकडे लेकराच्या वाढदिवसाची प्रार्थना होती. शेजाऱ्याने तक्रार केली, रात्री उशिरापर्यंत ठाण्यात बसवलं. खासगी नोकरी त्याची. दुसऱ्या दिवशी मालकानेही विचारलं. त्याच्या बायकोला तुझा अध्याय वाचून दाखव.

धरमपेठची ताई: खिचडीचं राहू द्या, शाळांचं बोला. मी विधवा बाई, दर रविवारी थैलीत दान टाकते. मुलीच्या प्रवेशाला आपल्याच शाळेत गेले तर फीचा आकडा सांगून परत पाठवलं. पाळकांची चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही.

इंदोरा: प्रवेश मिळाला तरी शिष्यवृत्ती कुठून आणाल, ताई? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने आम्ही दलित ख्रिस्ती अनुसूचित जातीतून बाहेर. शीख 1956 मध्ये आत आले, बौद्ध 1990 मध्ये. माझा चुलतभाऊ बौद्ध, त्याला अनुसूचित जातीची सवलत आहे, मला ती नाही. आजोबा एकच, वस्ती एकच. सरकारचं सोडा, मंडळीत सोयरीक काढली की पहिला प्रश्न, 'मूळचे कोण?' 29 नोव्हेंबर 1970 ला याच नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. लग्नाच्या मांडवात एक व्हायला अजून किती वर्षं लागतील?

मोहननगर: भाऊ, विषय कुठे नेऊन राहिले? भुकेल्याला ताट देण्याचं बोलणं चाललंय.

इंदोरा: हाच विषय आहे! मेडिकलमधल्या अनोळखी माणसाला ताट, आणि बाकावर शेजारी बसणाऱ्याला जात विचारायची?

सदरकर: असे लोक बोटावर मोजण्याइतके. उगाच मंडळीची बदनामी नको.

धरमपेठची ताई: बोटावर? माझ्या मोठीचं ठरलेलं लग्न याच प्रश्नावर मोडलं. मुलाकडचे दर रविवारी पुढच्या बाकावर असतात.

सदरकर: ताई, हे मला ठाऊक नव्हतं. इंदोराचं म्हणणं मग खोटं नाही, एवढं मान्य करतो. आणि खिचडीही चालू ठेवा बाप्पा, पण बॅनर नको, फोटो नको. घरच्या प्रार्थनेबाबत माझं मत तेच आहे. भाच्याचं घर मी पाहिलंय.

मोहननगर: बॅनर कधीच नव्हता. घरच्या प्रार्थनेवर मात्र मी गप्प बसणार नाही. धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देणारं संविधानाचं कलम 25 आपल्यालाही आहे. भाच्याला वकील लागला तर सांगा, संघातले दोघे वकिली करतात. इंदोरा भाऊ, शुक्रवारी येता का?

इंदोरा: येतो, भांडी मी उचलीन. पण शाळा समितीच्या पुढच्या सभेत ताईंच्या फीचा विषय तुम्ही मांडायचा. तोंडी नको, लेखी अर्ज द्या.