प्रतिसाद : 'खर्ज' हा षड्जच

'खर्जातला आवाज' (म्हणजे खोल, घुमणारा आवाज) यातील खर्जाचा संबंध मूळ लेखात 'खर' म्हणजे खरखरीत या शब्दाशी जोडला आहे, तो मला पटत नाही. 'खर्ज' हे 'षड्ज' (सप्तकातील पहिला स्वर, सा) या स्वरनामाचेच रूप असून, उत्तरेकडील बोलींत 'भाषा'चे 'भाखा' आणि 'वर्षा'चे 'बरखा' होते तसाच येथेही 'ष'चा 'ख' झाला आहे. तंबोऱ्याची मंद्र (खालच्या सप्तकातल्या) षड्जात लावलेली शेवटची तार आजही खर्जाचीच म्हणवते. तेथूनच भारदस्त, घुमणाऱ्या बोलण्याला हे विशेषण लागले असावे. नासिका, कंठ, ऊर, तालू, जिव्हा व दंत या सहा स्थानांतून निर्माण होतो म्हणून षड्ज, ही नारदीय शिक्षा या उच्चार व स्वरांवरील प्राचीन संस्कृत ग्रंथातील व्युत्पत्ती (काहीशी ओढूनताणून केलेली असली तरी) अशा आवाजाला चपखल बसते. खरखरीत आवाजासाठी मराठीत 'घोगरा' आहेच.