ऑफिसात बसूनसुद्धा मंगळसूत्र काढायचं का? कायदा काय म्हणतो?

मिऱ्याची_लाट:
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत एका मासळी एक्स्पोर्टच्या कंपनीत आहे, नाव नको. आधी चार वर्षं कोळंबी सोलायला होते, तिथे बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं सगळं काढूनच हॉलमध्ये जायचं, त्याबद्दल कधी तक्रार नव्हती, कारण एक काळा मणी मालात गेला तर काय होतं ते बघितलंय. आता मी वरच्या मजल्यावर बिलिंगला बसते आणि गेल्या महिन्यापासून नवीन नियम, की ऑफिसातही कोणाच्या अंगावर धर्माचं काही दिसता कामा नये. माझ्या शेजारच्या टेबलावरची राजिवड्याची मैत्रीण स्कार्फ घेते, ती दोन दिवस रडतेय. मला म्हणाली, तू पदराखाली लपवशील गं, मी काय करू? यूनोच्या मानवी हक्कांत यावर काही आहे म्हणे, कोणाला माहीत आहे का?

चिपळूणचा_वकील:
ताई, आहे. १९६६ चा नागरी आणि राजकीय हक्कांचा करार, त्याचं कलम १८, भारताने १९७९ मध्ये तो मान्य केलाय. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनात काय मानायचं त्यावर कोणालाच, सरकारलासुद्धा, हात लावता येत नाही. ते अंगावर दिसू द्यायचं, त्यावर मर्यादा घालता येते, पण कायद्याने, आणि सुरक्षा, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता किंवा दुसऱ्याचे हक्क यांच्यासाठी खरंच गरज असेल तरच. विशिष्ट कपडे आणि डोक्यावरचं वस्त्र यात येतं हे यूनोच्या मानवी हक्क समितीने १९९३ मध्ये स्पष्ट लिहिलंय.
तुमच्या हॉल आणि ऑफिससारख्याच दोन केसेस युरोपच्या मानवी हक्क कोर्टात २०१३ मध्ये एकाच निकालात आल्या होत्या. ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन काउंटरवरची बाई गळ्यात छोटा क्रॉस घालायची, ती जिंकली. हॉस्पिटलातली नर्स क्रॉसची साखळी काढायला तयार नव्हती, ती हरली, कारण पेशंटने साखळी ओढली तर इजा होईल. क्रॉस दोघींचाही, जागा वेगळी.

दाभोळ_टू_दुबई:
मी जहाजावर असतो. डेकवर हेल्मेट म्हणजे हेल्मेट. कॅनडाच्या रेल्वेतल्या एका शीख इलेक्ट्रिशियनची पगडीची केस यूनोच्या समितीपुढे गेली होती, १९८९ ला तो हरला, आणि वाईट वाटलं तरी मला ते पटतं. पण बिलिंगच्या टेबलावर डोक्यात काय पडणार आहे?

आंजर्लेकर:
पण नियम सगळ्यांना सारखाच आहे ना? हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन कोणाचंच नको, मग अन्याय कुठे झाला?

चिपळूणचा_वकील:
@आंजर्लेकर मलाही आधी असंच वाटायचं. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या एका शाळेत दागिने नकोत असा सगळ्या मुलींना सारखा नियम होता, त्यात एका तमिळ हिंदू मुलीची चमकी अडकली. २००७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने सांगितलं की नियम सारखा असला तरी सवलत न देणं हा भेदभाव झाला, चमकी धर्मात सक्तीची नसली, स्वखुशीची असली तरी. आपल्याकडे उलट, कोर्ट आधी विचारतं ही प्रथा धर्माला अत्यावश्यक आहे का, १९५४ पासून. कर्नाटकच्या हिजाबवर हायकोर्ट त्याच रस्त्याने गेलं, २०२२ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टात दोन न्यायाधीशांची दोन मतं पडली. मंगळसूत्र धर्म की रीत असा वाद घालत बसलो तर ताईंचा मुद्दा तिथेच बुडेल, म्हणून मला आफ्रिकेचा रस्ता जास्त माणसासारखा वाटतो.
आणि ताई, खोटी आशा देत नाही. आपल्या राज्यघटनेतलं धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ मुख्यतः सरकारविरुद्ध चालतं, प्रायव्हेट कंपनीविरुद्ध थेट नाही, आणि यूनोचा करार घेऊन कोर्टात गेलात तर जज आधी आपला कायदा बघणार. म्हणून भांडण नको, लेखी कारण मागा.

मिऱ्याची_लाट:
खूप आभार सगळ्यांचे, रात्री मैत्रिणीला सगळं वाचून दाखवलं. सोमवारी दोघींच्या सहीने अर्ज देतोय, आमचा क्रॉस घालणारा मुलगा पण सही करणार आहे. त्यात एवढंच, की हॉलचा नियम आम्हाला मान्य आहे, बिलिंगच्या टेबलाला तोच नियम कशासाठी, ते लिहून द्या.