वारीतली माउली घरी आल्यावर कुठे जाते?

दिवेघाट (धागाकर्ती)
'आपण' आणि 'ते' हा विषय निघाला की मंडळी लगेच प्रबोधनावर घसरतात. आधी मनं बदला म्हणे. मला उलटं वाटतं, आधी सगळ्यांच्या हाताला एकच काम द्या. दिवे घाट चढून आल्यावर टँकरभोवती झुंबड उडते, तिथे बघा. साठी उलटलेले आजोबा माझी बाटली भरून देतात, आणि मी वाकायच्या आत तेच माझ्या पाया पडतात. आडनाव विचारायची सोयच नाही, सगळ्यांना हाक एकच, माउली. कुणाचं मन शुद्धबिद्ध झालेलं नसतं हो. पाय दुखत असतात आणि अंधार पडायच्या आत पाल ठोकायचं असतं. ज्ञानोबांच्या पालखीचे अश्व येतात अंकलीहून, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातून, ज्या सीमेवरून आपण इथे हमरीतुमरीवर येतो तिकडून. रिंगणात त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावताना घोडा कुठल्या राज्याचा, हे कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

कोरडवाहू
ताई, अर्धीच वारी सांगितलीत. चोखोबांची समाधी कुठे आहे? पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी. म्हणजे बाहेर. त्यांच्या जातीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच हात जोडून परत गेली, आणि हे 'माउली माउली' तेव्हाही चालूच होतं. दार उघडलं १९४७ साली. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्र पालथा घातला, मग १ ते १० मे उपोषण केलं. मंदिरप्रवेशाचा कायदाही त्याच वर्षीचा. नुसतं सोबत चालून ते उघडलं नाही. इरावती कर्वे वारीला गेल्या तेव्हासुद्धा एकाच दिंडीत ब्राह्मणांचं जेवण वेगळं, मराठ्यांचं वेगळं. बाईंनीच लिहून ठेवलंय. वाट एक, मुक्काम एक, तुम्ही म्हणता ते 'एकच काम' होतं की तिथे!
आमच्या गावातून दरवर्षी दिंडी निघते. स्मशानं अजून दोन आहेत.

चहाटळ
धागाकर्तीला +१. प्रत्येक धागा जातीवर नेलाच पाहिजे का?

कोरडवाहू
@चहाटळ, नेला कुठे? चोखोबा काय मी आणून बसवले पायरीपाशी?

उगाच_आलो
मला दोघांचंही पटत नाही. 'आपण' पुसायचंच कशाला? देहूहून तुकोबांची पालखी निघते, ती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, आरती होते, पालखी पुढे जाते. दर्गा दर्ग्याच्या जागी, पालखी पालखीच्या वाटेला. अखिल मानवता वगैरे आपल्या लोकांना झेपत नाही, शेजारधर्म बरोबर कळतो. तेवढ्यावर भागवा.

कोरडवाहू
शेजारधर्माला आधी शेजारी घर बांधू द्यावं लागतं. आमची वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला असते ते माहीत असेलच.

दिवेघाट
@कोरडवाहू, उपोषण मान्य, कायदाही मान्य. पण गुरुजी बसले कुठे? पंढरपुरातच, तनपुरे महाराजांच्या मठात. म्हणजे वारकऱ्याच्याच आवारात. बडव्यांना, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांना, विरोध करणारा वारकरी तिथे आधीपासून होता, म्हणून तर त्यांना ती जागा मिळाली. वारीने दार उघडलं असं मी म्हणतच नाही. पण ज्याच्या पाया पडलात त्यालाच दारात अडवायचं, हे तोंड वर करून सांगणं तिने अवघड करून ठेवलं होतं. २०१४ साली बडवे-उत्पातांचे हक्क सुप्रीम कोर्टात संपले आणि मंदिर समितीने पुजारी नेमताना सगळ्या जातींकडून, बायकांकडूनही अर्ज मागवले. हा निकाल कोर्टाचा, कबूल. पण त्यानंतर कुणी वारी सोडल्याचं मला तरी माहीत नाही.

कोरडवाहू
अवघड झालं होतं तर मग १९४७ पर्यंत थांबावं का लागलं? असो. दोन स्मशानांबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

दिवेघाट
कारण त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. वारी वर्षातले तीन आठवडे. उरलेल्या वर्षात ग्रामपंचायत, पाणवठा, लग्नाची पंगत यातलं काय सामायिक करता येईल, ते गावात राहणाऱ्यानेच सांगावं. मी पुण्यात फ्लॅटमध्ये राहते.

सासवडची_सून
कुणी विचारलंच नाही म्हणून विचारते. तुमच्या दिंडीत स्वयंपाक कोण करतं?

दिवेघाट
आचारी असतो, दरवर्षी ठरलेला. जात कधी कुणी विचारली नाही.

सासवडची_सून
विचारली नाही, कारण आडनाव सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या वर्षी कोरडवाहूंच्या वस्तीतला आचारी सांगा, आणि पहिल्या मुक्कामाला पंगतीत किती जण बसले ते इथे येऊन लिहा.