मदत हवी आहे: एकाच मजल्यावरचे एलईडी लाईट सारखे उडतायत

नमस्कार मंडळी. पुण्यात आमचं कमर्शियल कॉम्प्लेक्स आहे. खाली दुकानं, वर ऑफिसं. दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमधले पॅनेल लाईट महिना-दोन महिन्यांत जातात. पॅनेल ठणठणीत, ड्रायव्हर (एलईडीला योग्य करंट पुरवणारा डबा) गेलेला. उघडला की आतला कपॅसिटर टम्म फुगलेला. कंपनी बदलून पाहिली, फरक शून्य. बाकी मजल्यांवर काही त्रास नाही.

वायरमन म्हणतो, बाहेरूनच व्होल्टेज जास्त येतं. पण मीटर रूममध्ये तिन्ही फेज २३७च्या आसपास आहेत. संध्याकाळी एसी चालू असताना दुसऱ्या मजल्याच्या डीबीत (वीज वाटणाऱ्या बोर्डात) मोजलं, तर न्यूट्रल (परतीची वायर) धरून आर फेज २६८, वाय २३२, बी २१४ व्होल्ट. फेज-टू-फेज मात्र सगळीकडे ४१०. पॅसेजचे लाईट आर फेजवर आहेत. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) ट्रिप व्हायचा म्हणून या पठ्ठ्याने १० अँपिअरचा काढून २०चा टाकलाय, वायर दीड स्क्वेअर मिमीची! कमिटीकडे आता सर्ज प्रोटेक्टरचं कोटेशन आलंय. बसवावा का?

प्रतिसाद: त्यावर पैसे घालू नका. तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो, तासन्तास टिकणारे २६८ व्होल्ट अडवत नाही. फेज-टू-फेज ठीक आणि फेज-न्यूट्रल विस्कटलेलं, म्हणजे मीटर रूम ते डीबीमध्ये न्यूट्रल लूज आहे. जास्त लोडच्या फेजचं व्होल्टेज पडतं, हलक्या फेजचं चढतं. पुरता सुटला तर ३००च्या वर जाऊन कॉम्प्युटरही जातील. लोड चालू असताना लांब वायर लावून मीटर रूमचा न्यूट्रल बार आणि डीबीचा न्यूट्रल यांच्यात मोजा. दोन-चार व्होल्ट चालतील, त्याहून बरेच जास्त आले तर न्यूट्रल लूजच. चालू लाईनवर न्यूट्रलचा स्क्रू कुणाला सोडू देऊ नका. आणि तो २०चा एमसीबी आजच काढा.

धागाकर्ता: ३२ निघाले! पहिल्या मजल्याच्या डक्टमध्ये आमच्या केबलचा जॉइंट आहे. ॲल्युमिनियमची केबल थेट तांब्याच्या पट्टीला, लगजवळचं (केबलच्या टोकाला बसवलेल्या कनेक्टरजवळचं) इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालंय. रविवारी गाळे बंद असताना मेन पाडून काम करू. केबल साडेतीन कोर, म्हणजे तीन फेज पूर्ण जाडीचे आणि न्यूट्रल निम्म्या जाडीचा. बायमेटलिक (ॲल्युमिनियम आणि तांबं जोडणाऱ्या) लगवर भागेल की केबलच बदलायची?

प्रतिसाद: रविवारी लग बदला. मग टाँग टेस्टरने (वायरभोवती लावायच्या करंट मीटरने) न्यूट्रलचा करंट बघा, त्यावर केबलचं ठरवा. एलईडी ड्रायव्हर आणि कॉम्प्युटरचे थर्ड हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचे करंट) न्यूट्रलमध्ये कटत नाहीत, तिन्ही फेजची बेरीज होते. तिन्ही फेजवर लोड सारखा वाटला तरी न्यूट्रल तापतो. टेस्टर ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या लहरीचाही खरा करंट मोजणारा) घ्या, साधा कमी दाखवेल.